मॅडम आता आई झाल्या आहेत

दूध आणि पासवर्ड उघड्यावर ठेवू नये, असं मैत्रिणीनं तिला बजावलं होतं. "घरात कुठला बोका बसलाय?" म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं आणि बाळंतपणाला जाताना कामाच्या ईमेलचा पासवर्ड धाकट्या दिरांना देऊन टाकला. काही आलं का, विचारलं की भाऊजी म्हणायचे, "सगळं थंड आहे, वहिनी."

आज बाळाला मांडीवर घेऊन तिनं तो ईमेल स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्राममध्ये जोडायला घेतला. नाव, पत्ता, पासवर्ड. येणाऱ्या मेलचा सर्व्हर, जाणाऱ्या मेलचा सर्व्हर. बाळ माउसची वायर चघळत होतं. लाल फुली. एक अक्षर सुधारलं, हिरवी खूण आली आणि गेल्या महिन्यांचे मेल भराभर उतरू लागले. आर्किटेक्ट विचारत होते, शाळेच्या इमारतीचं पुठ्ठ्याचं मॉडेल करून द्याल का? दवाखान्याचं? पुलाचं?

एकानंही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. असं कसं?

सगळं नीट चालतंय का पाहायला तिनं मोबाइलवरच्या खाजगी पत्त्यावरून एक मेल टाकला. मोबाइल लगेच वाजला. आपोआप जाणारं उत्तर होतं.

'नमस्कार. मॅडम आता आई झाल्या आहेत. मॉडेलचं काम कायमचं बंद केलं आहे. लोभ असावा.'

खाली नाव तिचंच.

"भाऊजी!"

ते चहाचा कप घेऊन दारात आले. स्क्रीनकडे बघून हसले. "हां, ते होय! तुम्हीच म्हणालात ना, मला आता काही नको, सगळं बंद करा? मी तेवढं लावून टाकलं."

"तापात म्हणाले होते. त्याच दिवशी मी तुम्हाला घरातून चालते व्हा, असंही म्हणाले होते. ते बरं नाही ऐकलंत!"

कप ओठांशीच थांबला. "अहो, पण एवढंसं पोर आणि हातात ब्लेड... तुमच्या भल्याचंच केलं ना मी?"

"माझ्या भल्याचं मला विचारायचं होतंत."

ते पाय आपटत आपल्या खोलीत गेले. बाळाला दुसऱ्या मांडीवर घेऊन तिनं ते उत्तर पुसून टाकलं, पासवर्ड बदलला, मेल प्रोग्रामनं विचारल्यावर नवा भरला. मग पहिल्या आर्किटेक्टला लिहायला घेतलं: 'काम चालू आहे. ते उत्तर मी लिहिलेलं नव्हतं.'

आतून हाक आली, "वहिनी, माझ्याकडे पासवर्ड चुकीचा दाखवतंय!"

"बरोबर दाखवतंय."

तुमच्या ओळखीची कुणी अशीच बाळंतपणाला गेली असेल, आणि तिनं काम सोडल्याचं तुमच्या कानावर आलं असेल, तर आज तिला फोन करा. दुसऱ्या कुणी उचलला तर निरोप ठेवू नका. म्हणा, तिला द्या.