बाटिकची लुंगी

पोटातल्या बाळाचं दुपटं शिवायला आरतीने अकोल्याच्या जठारपेठेतून बाटिकचं कापड आणलं. जांभळ्या रंगावर पिवळी फुलं. दुसऱ्या दिवशी तिचे सासरे नत्थुजी, जन्मभर पांढऱ्या धोतरात वावरलेले, तेच कापड लुंगीसारखं गुंडाळून संत्र्याच्या बागेत निघाले. मग रोजच. संध्याकाळी स्वतः धुऊन वाळत घालायचे. कापड विटत चाललं. आरतीला राग येई, नवलही वाटे. पण विचारायची हिंमत होत नव्हती.

एकदा शेजारचे शेषराव फाटकातूनच ओरडले, "काहून नत्थुजी, म्हातारपणी बहार फुटला काय?"

"हास लेका," नत्थुजी म्हणाले. "नवं कापड लेकराले टोचते. नरम करून राहिलो."