एका हाताचा वाटा

“हात नाय, तर वाटा नाय,” केरू तांडेल म्हणाला आणि पेडव्यांचा पुढचा ढीग रचायला खाली वाकला.

मृणाली रिकामी टोपली घेऊन तशीच उभी राहिली. किनाऱ्यावरून दोराने ओढायची रापण नुकतीच काठाला लागली होती. ओल्या वाळूवर जाळं पसरलं होतं आणि ज्यांनी दोर ओढला, त्या प्रत्येकाच्या नावाने मासळीचा सारखा वाटा पडत होता. तिने आणखी एक वाटा मागितला होता. स्वतःसाठी नव्हे, दवाखान्यासाठी.

रत्नागिरीतल्या एका धर्मादाय इस्पितळाने वाडीत दवाखाना उघडला, त्याला वर्ष झालं होतं. सिस्टर त्यांची, औषधं त्यांची. विजेचं बिल आणि रोग्यांची ने-आण करणारी रिक्षा, एवढंच गावाने सांभाळायचं. पहिले दोन महिने वर्गणी उत्साहाने जमली. मग उत्साहच जमेना. आता इस्पितळाचं पत्र आलं होतं. महिनाअखेरपर्यंत गावाचं काही ठरलं नाही, तर दवाखाना दुसऱ्या गावी हलणार. प्रत्येक रापणीचा एक वाटा विकला असता तरी भागणार होतं.

शिमग्याच्या आठवडाभर आधी मृणालीची आई गेली. त्याआधी पाच महिने ती खाटेवर होती. दवाखान्याच्या दीपाली सिस्टर रोज यायच्या, तिची जखम धुवायच्या, तिच्याशी भांडायच्या आणि तिला हसवून जायच्या. हल्ली सकाळी शाळेत शिकवायला जाताना मृणाली मुद्दाम दवाखान्यावरून जाई. दार उघडं दिसलं की तिला बरं वाटे. आज रविवार होता, म्हणून ती किनाऱ्यावर आली होती.

“केरूकाका, एवढा एक नियम सैल करा.”

“एक गाठ सैल केली की सगळा जाळा सुटतो, बाय.”

येसूबाई टोपली डोक्यावर चढवता चढवता हसली. “अगो, कुणाला सांगतेस? गणपतीपुळ्याचा तो पावणा फोटो काढायला दोर धरून उभा राहिला, तर यानं त्याच्या हातात वाटा कोंबलान! पांढरे बूट घालून पेडवे घेऊन गेला बिचारा लॉजवर.”

“हात लावलान ना?” केरू म्हणाला. “मग त्याचा वाटा.”

“आणि मी दोर ओढला तर?”

“तुझा हात तुझ्या घरचा. पण तू ओढणार रविवारी. सोमवारी कोण ओढील, तुझी शाळा? सिस्टरबायला सांग, येऊन हात लाव. मी नको बोललो काय?”

“रापणीच्या वेळी त्यांच्याकडे रांग असते, काका. रोगी सोडून येतील?”

“मग माझा इलाज नाय.”

मृणालीला जे बोलायचं नव्हतं, तेच आता तिच्या तोंडात आलं.

“मग माझ्या आईला कसा दिलात?”

वाटे उचलणारे हात थांबले.

“पाच महिने ती खाटेवरून उठली नाही. तरी जेव्हा जेव्हा रापण लागली, तेव्हा संध्याकाळी एष्टीतून उतरले की येसूमावशी माझ्या हातात पिशवी द्यायची. तुम्ही दया म्हणून देत होतात, मला कळत होतं. आईला लागेल म्हणून मी तिला सांगायचे, बाजारातून आणले. ती नुसती हसायची.”

केरू ताठ उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“दया? बकुळावयनीवर? अगो, कानाखाली वाजवलीन असती माझ्या! येसू, सांग हिला. माझ्या तोंडून वाकडा जायचा.”

येसूबाईने टोपली खाली ठेवली.

“तुझी एष्टी गेली की आम्ही दोराला दुसरा दोर जोडायचो, बाय. सुरूच्या बनातून थेट तुझ्या आयशीच्या खिडकीत. खाटेवर पडल्या पडल्या ती धरायची. दोर सरकेल तसा अंथरुणात गोळा करायची, आणि आतून ओरडायची, ‘ओढा रे मेल्यांनो, जेवला नाय काय?’ रापण काठाला लागेपर्यंत सोडायची नाय. तू ओरडशील म्हणून आम्हांला शपथ घातलीन.”

खिडकीच्या गजाला बांधलेला दोराचा तुकडा मृणालीने अजून सोडला नव्हता. आई त्याला धरून उठून बसत असेल, असं तिला वाटायचं. आणि आईच्या चादरीत वाळू असायची. ओली, बारीक, परत परत. मृणाली ती झटकायची आणि मांजराला रागवायची. आई मांजराची बाजू घ्यायची.

तिला हसू फुटलं. त्या मांजराची माफी मागायला हवी होती. तिने ओढणीने तोंड पुसलं. वारा होता, वाळू उडतच होती.

केरूचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. सुरूच्या बनापलीकडे दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. जाळं टाकण्याआधी तो पाण्याकडे बघे, तसे डोळे बारीक करून तो त्या छपराकडे बघत होता.

“तुझ्या घरापेक्षा लांब हाय,” तो पुटपुटला. “दोन दोर जोडायला लागतील.”

“कशाला?”

“दवाखान्याची खिडकी,” तो म्हणाला, “दर्याच्या अंगाला उघडते ना गो?”