सव्वा मूठ गहू

रतिलाल दत्तक गेला की पदरात काय पडणार, हे कमलबाईनं महिनाभरात इतक्यांदा मोजलं होतं की ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं. धाकट्या दिराची ऐंशी बिघे काळी जमीन, नंदुरबारच्या कापसाच्या जिनातली चार आण्यांची पाती, दुमजली घर, घोड्याचा टांगा. वजा जाणार होता एक मुलगा, तोही भिंतीपलीकडे. मागे तीन उरत होते.

लढाईच्या सालांत या दिरानं, चुडामणनं, कापूस घरात दाबून ठेवला आणि भाव चढल्यावर काढला. कमलबाईच्या नवऱ्यानं, मोतीलालनं, वेचणी झाली तसाच विकला. बांध एक, कापूस एक, आणि आता एका घरी कपबशीतला चहा तर दुसऱ्या घरी ताक. पोटी मूल मात्र चुडामणला नव्हतं. म्हणून सोमवारी वकिलाकडे कागद व्हायचा होता.

आज शनिवार, कानबाईच्या रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचा. देवी थोरल्याच्या घरी बसायची, म्हणून मंगलाबाई, चुडामणची बायको, जावेकडे आली होती. एरवी तिच्या घरी दळायला बाई होती. पण रोटाच्या पिठाला परक्याचा हात चालत नाही. सुरतेचं लुगडं सावरून ती जात्यापाशी बसली तेव्हा कमलबाईनं तिच्या हातातल्या पाटल्या मोजल्या. गेल्या वर्षीपेक्षा दोन जास्त होत्या.

"जिजी, वरीस झायं जात्याले हात लावाले," मंगलाबाई म्हणाली. "दुखीन."

"दुखीन ना. सोनं जड राहस," कमलबाई म्हणाली.

दळण्याआधी गहू मोजायचे. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, देवीसमोर, नाव घेऊन. ज्या घराच्या ताटात ज्याचं नाव पडलं, तो वर्षभर त्या घरचा.

कमलबाईनं सुरुवात केली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून "हाई घरधनीनी" म्हणून पहिली मूठ टाकली. मग "हाई नथ्थूनी, हाई झुंबरनी, हाई भिलानी." ताटात चार ढिगल्या झाल्या.

मंगलाबाईच्या ताटात एकच. कल्हई केलेल्या, परातीएवढ्या ताटात ती ढिगली एखाद्या चिमणीनं टाकून दिल्यासारखी दिसत होती. मंगलाबाईनं पोत्यात पुन्हा हात घातला आणि मूठ भरली.

"आते रतिलालनी," ती हळूच म्हणाली. "मन्हा ताटमा. टाकू ना, जिजी?"

विचारताना तिची नजर कमलबाईच्या चार ढिगल्यांवरून फिरली. कमलबाईनं ती नजर लगेच ओळखली. ओळखणारच. टांगा दारावरून गेला की ती स्वतः त्याच नजरेनं चाकांकडे बघायची.

म्हणजे इतकी वर्षं ही बाई आपल्यावर जळत होती. वर्षातून एक दिवस, पण जळत होती. आणि आता त्या एका दिवसातलाही वाटा मागत होती. जमीन तिची, पाटल्या तिच्या, आणि उद्या रतिलाल 'माय' म्हणून हाक मारील तीही तिलाच.

कमलबाईचा हात पोत्यात गेला.

"हाई रतिलालनी," ती म्हणाली, आणि पाचवी ढिगली आपल्या ताटात पडली.

मंगलाबाईची मूठ हवेत तशीच राहिली. "जिजी?"

"सवयनं पडी गयी वं बाई. देवीम्होरे नाव लिधं, आते काढता येत नही."

मंगलाबाईनं मूठ पोत्यात सोडली. गहू एकेक करून ओघळले. पाचाला एक. ती ढिगल्यांकडे बघत होती, आणि ते बघणं कमलबाईनं पोटभर घेतलं. इतकं गोड तिनं सालभरात काही खाल्लं नव्हतं.

दारातल्या खाटेवर चुडामण बसला होता. त्यानं ताकाचा पेला खाली ठेवला. आवाज चढवला नाही. भाव पडला तरी त्याचा आवाज चढत नसे.

"वकीलनी सोमवारनी वेळ दियेल शे," तो म्हणाला. "कागद सोमवारलेच हुई. नाव तेवढं बदली जाई." मग बायकोकडे वळला. "तुन्हा भाऊले निरोप धाड. धाकला पोऱ्याले लई ये म्हणा."

भावाचा मुलगा दत्तक घ्यावा, हेच मंगलाबाईनं दोनदा सुचवलं होतं आणि दोन्हीदा त्यानं 'रक्त आपलंच पाहिजे' म्हणून उडवून लावलं होतं.

कमलबाईच्या तोंडातली गोडी गेली. "दिरजी, चुकी हुई गयी. पुढला साल तिन्हा ताटमा मीच टाकसू."

"मी कापूस एकच डाव विकस, वहिनी," चुडामण म्हणाला आणि जोड्यात पाय घातले.

अंगणात रतिलाल धुतलेलं धोतर नेसून बोलावण्याची वाट बघत बसला होता. सोळा वर्षांचा होता. दारातून सगळं ऐकू येत होतं. काका शेजारून गेला तेव्हा तो उठून उभा राहिला. काका थांबला नाही.

मग रतिलाल गोठ्याकडे गेला. तिथं भिला, सगळ्यांत धाकटा, बैल टोचायची नवी पराणी घेऊन रिकाम्या बैलांना वळवण्याचा खेळ खेळत होता. पराणी रतिलालची होती. आता आपल्याला बैल हाकायचे नाहीत म्हणून त्यानं ती सकाळीच मोठ्या ऐटीत भिलाला देऊन टाकली होती.

रतिलालनं हात पुढे केला. भिलानं पराणी पाठीमागे लपवली आणि भावाचं तोंड नीट निरखलं.

"दोन पैसा पडतीन, भाऊ."

रतिलालनं धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि दोन पैसे मोजून दिले.