गळ्यातला क्रॉस

"शत्रूचं विमान पडताना पाहणारा कुणीतरी हवा, विंटरफेल्ट. नाहीतर ते पडलंच नाही," कमांडर म्हणाले.

कॅप्टन विंटरफेल्टचा हात नकळत कॉलरपाशी गेला. जर्मन वायुदलाचा मानाचा क्रॉस गळ्यात रुळायला एवढं एकच विमान कमी होतं. आणि ते पडताना पाहणारा एकटा ओटमार, त्याच्या जोडीने उडणारा पोरगेला वैमानिक, त्याच झुंजीत पेटत्या विमानासकट खाली गेला होता.

दुपारी फोन आला. ओटमार जिवंत होता, जवळच्याच इस्पितळात.

विंटरफेल्टने मोटारसायकल दामटली ती थेट इस्पितळाच्या दारापर्यंत. वॉर्डात शिरता शिरताच त्याने विचारलं, "मी ते विमान पाडलेलं तू पाहिलंस ना रे?"

ओटमारने आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

"पाहिलं ना, कॅप्टन," तो म्हणाला. "तेच शेवटचं पाहिलं."