फोटोतला प्रेमदास

"यातला तुमचा कोणता, तेवढं सांगा," म्हणत सदाशिवरावांनी फोटो टेबलावरून धुरपताबाईंकडे सरकवला.

धुरपताबाई उभ्याच होत्या. खुर्ची रिकामी होती. पण 'बसा' म्हणायचं सदाशिवरावांच्या लक्षात आलं नाही आणि न सांगता बसायची बाईंना सवय नव्हती.

फोटो एकेचाळीस सालचा. सिंदीच्या फुटबॉल क्लबाने वर्ध्याच्या संघाला हरवून ढाल जिंकली, त्या दिवशी उतरत्या उन्हात मैदानावरच काढलेला. शेवटचा गोल प्रेमदासने मारला होता, तोही अनवाणी. बाई तेव्हा फडक्यात भाकर बांधून मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. पुढच्या वर्षी पोरगा पलटणीत गेला आणि चव्वेचाळीस साली, वयाच्या विसाव्या वर्षी ब्रह्मदेशात मारला गेला.

त्याची आठवण यायला क्लबाला तेरा वर्षं लागली. आता सत्तावन्नचा जानेवारी होता, निवडणूक दीड महिन्यावर आली होती आणि बाईंच्या वस्तीत चारशे मतं होती. या गोष्टींचा आठवणीशी काहीएक संबंध नाही, हे सदाशिवरावांनी कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

"मायाजवळ त्याचा एकबी फोटो नाई," बाई म्हणाल्या. "चेहरा इसरून राह्यली मी. नाक आठवते तं डोये आठवत नाई."

"म्हणूनच तर! नागपूरचा पेंटर यावरून हे एवढं मोठं चित्र काढून देणार आहे. क्लबात कायमचं लागेल. पडदा सरकवायला खुद्द अण्णाजी येताहेत. उमेदवार आहेत आपले."

"अण्णाजी," बाई म्हणाल्या. "लय वर्सात पाह्यलं नाई त्याईले."

"आता ओळखणार नाही तुम्ही. नागपूर मानवलंय त्यांना. मागच्या सभेत दोन खुर्च्या जोडाव्या लागल्या."

सदाशिवराव तीन वर्षांपूर्वी अमरावतीहून इथे हेडमास्तर म्हणून आले आणि हेडमास्तर म्हणून क्लबाचे चिटणीसही झाले. फुटबॉलला किती कोपरे असतात असं कोणी विचारलं असतं, तर त्यांनी एक दिवसाची मुदत मागितली असती.

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. चेहरे हरभऱ्याच्या दाण्याएवढे, त्यात पिवळे पडलेले.

"सगये हायेत यात?"

"अख्खा संघ आहे. हे काय, खाली छापलंय, 'विजयी संघ'."

बाईंचं बोट एकेका चेहऱ्यावरून सरकत डाव्या कोपऱ्यापर्यंत गेलं. तिथे गवतावर एक लांबलचक सावली पडली होती. बाईंनी पदराने ती जागा पुसली. मग परत पुसली.

"खांबाची सावली आहे ती," सदाशिवराव म्हणाले. "पुसून जायची नाही."

"हो," बाई म्हणाल्या.

मग बोट मधोमध आलं. खुर्चीवर एक शेलाटा, दाट केसांचा जवान बसला होता. मांडीवर ढाल.

"हा."

"वाटलंच मला! गोल ज्याचा, ढाल त्याच्याच मांडीवर असणार." सदाशिवरावांनी पेन्सिलीने त्या जवानाच्या छातीवर फुली मारली.

"तुमचं काम झालं का हा फोटो मले देजा, गुरुजी."

"न्या की. चित्र आल्यावर आम्हाला तो काय करायचाय?"

चित्र समारंभाच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने गोणपाटात गुंडाळून आलं. सदाशिवरावांनी दार लावून स्वतःच्या हाताने ते टांगलं, वेळ वाचावा म्हणून झेंडूचा हारही घालून ठेवला आणि वरून पडदा सोडला. नारळ फोडायचं ठरलं होतं. पण बाईंनी दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेतली आहे याची कोणीतरी आठवण करून दिली, तेव्हा नारळ दुकानात परत गेला.

या खेपेला बाईंना व्यासपीठावर खुर्ची मिळाली. मांडीवर त्यांनी पदराखाली फोटो धरला होता.

अण्णाजी बोलायला उभे राहिले, तेव्हा दोन्ही खुर्च्या एकदम मोकळ्या झाल्या. टकलावरचा घाम पुसत ते म्हणाले, "बंधूंनो, त्या संघाचा कप्तान मी होतो!"

ही गोष्ट सदाशिवरावांनाही नवीन होती. टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.

"प्रेमदास माझा उजवा हात होता. आम्ही खांद्याला खांदा लावून खेळलो, एका लोट्याने पाणी प्यालो. भेदभाव आम्हाला माहीतच नव्हता! आजही डोळे मिटले की त्याचा चेहरा माझ्यासमोर उभा राहतो."

त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि पडद्याची दोरी ओढली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग तो पहिल्या रांगेपासून, जिथे गावातली जुनी मंडळी बसली होती, मागे मागे विझत गेला.

चौकटीत शेलाटे, दाट केसांचे अण्णाजी बसले होते. मांडीवर ढाल, गळ्यात झेंडूचा हार, खाली सोनेरी अक्षरात 'शहीद प्रेमदास' आणि मरणाचं साल.

अण्णाजींचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. सभेची भाषा एका क्षणात उतरली.

"अबे, हा तं मी हाये! जित्या माणसाले हार घातला?" ते गर्रकन वळले. "काऊन वो बाई? तुयं पोरगं कोठी हाये यात?"

धुरपताबाईंनी पदराखालचा फोटो काढला, त्यांच्यापुढे धरला आणि डाव्या कोपऱ्यातल्या त्या लांबलचक सावलीवर बोट ठेवलं.

"हे काय. फोटोवाला आल्ता तवा तुमीच त्याले म्हनलं होतं ना मालक, प्रेमदास, तू जरा बाजूले सरक."