समासातली ओळ

मुख्याध्यापिकांच्या टेबलावर सातवीच्या एकोणचाळीस वह्या रचलेल्या होत्या. बाजूला विज्ञानाच्या बाई उभ्या. समोर खुर्चीत चिमणी, उजव्या तळहाताला पट्टी. मागे तिचे वडील.

सकाळी प्रयोगशाळेत चिमणीने तापलेली परीक्षानळी हाताने उचलली होती.

"बाईच म्हणाल्या होत्या, हाताने धरली तरी चालेल," चिमणी म्हणाली.

"मी असं कसं सांगेन?" बाईंना खरंच आठवत नव्हतं. "काल फळ्यावर लिहून दिलंय. पाचवी पायरी."

मुख्याध्यापिकांनी वह्या उघडायला सुरुवात केली. पाचवी पायरी सगळीकडे शब्द न् शब्द तीच: परीक्षानळी चिमट्यानेच धरावी. चिमणीच्या वहीतही. तिने तर खाली फूटपट्टीने रेघ मारली होती.

"स्वतः लिहायचं आणि वर बाईंवर ढकलायचं? वर्षभर प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही. आधी बाईंची माफी माग," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"माग गं, आणि चल घरी," वडील म्हणाले.

चिमणी खुर्चीतून उठली नाही.

दारात चिमणीच्या वर्गातली 'टेपरेकॉर्डर' उभी होती. बाई बोलत असताना हिची पेन्सिल थांबायची नाही, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव.

"मॅडम, मी माझी वही दिली नव्हती."

"ठेव तिथे. त्यातही तेच असणार."

"फळ्यावरचं तेच आहे. समासात बाईंचं बोलणं आहे." ती म्हणाली. "बाईंनीच शिकवलंय. फळा कोणीही उतरवतं, बोललेलं टिपायला शिका म्हणून."

वही तिने मुख्याध्यापिकांना दिली नाही, बाईंच्या हातात दिली.

बाईंनी पान काढलं. पाचव्या पायरीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: बाई – चिमटे कमी आहेत. दोन मिनिटं थांबलात तर हाताने धरली तरी चालेल. त्याखाली: काच थंड झाली हे बघून कळतं का? विचारणे.

चिमटे कमी आहेत. आता बाईंना सगळं आठवलं. शेवटच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं होतं, आणि त्या पाठ फिरवून फळा पुसता पुसता बोलल्या होत्या.

"काय लिहिलंय?" मुख्याध्यापिकांनी टेबलापलीकडून विचारलं. "मुलं काहीही ऐकतात हो. द्या सोडून."

वही मिटायला हरकत नव्हती. टेपरेकॉर्डर खाली फरशीकडे बघत होती.

बाईंनी ओळ मोठ्याने वाचली. खालचा प्रश्नही वाचला. मग त्याच्याखालची लाल शाई वाचली, कालच्याच तारखेची:

"नोंदी उत्तम. तपासले."

"सही कोणाची आहे?" वडिलांनी विचारलं.

"माझी."