एकही अळी दगावली नाही

अंथुर्ण्यात शेजारच्या डाळिंबावर औषध मारलं आणि वारं नेमकं प्रयागबाईंच्या रेशीम शेडकडं फिरलं. औषधाचा नुसता वाससुद्धा रेशमाच्या अळ्यांना सोसत नाही. त्यांनी दारं-खिडक्यांना ओली पोती बांधली आणि सात वर्षांच्या नातीला, छकुलीला, घेऊन चार दिवस शेडमध्येच मुक्काम केला. दोघींचा जीव टांगणीला लागला होता.

एकही अळी दगावली नाही. साऱ्यांनी पांढरेशुभ्र कोष विणले.

छकुलीनं एक कोष कानाशी हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"आज्जे, ह्यातनं पाखरू कवा बाहेर येणार?"

"येऊ द्यायचं नसतं. भोक पडलं की धागा तुटतोय. आपण कोष बारामतीच्या बाजारात न्यायचं. फुडं त्ये उकळत्या पाण्यात टाकत्यात, मग त्याच्या भारी साड्या व्हत्यात."

"आतल्यासकट?"

"व्हय, आतल्यासकट."

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. शाळेची गाडी यायच्या आधी प्रयागबाई नेहमीच्या मायेनं मऊ शाल घेऊन छकुलीजवळ आल्या.



ती भिंतीला जाऊन चिकटली. "आज्जे, मला गुंडाळू नगंस!"